मोर उडाला

लुधियानाच्या मंडीत एप्रिल उजाडला की आमच्या नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम संपत आलेला असतो आणि इथल्या गव्हाचा सुरू झालेला असतो. मी या दोन हंगामांच्या मधे उभा असतो. नाशिकच्या व्यापाऱ्यांचा मी इथला माणूस. ट्रक आला की माल उतरवून घ्यायचा, कुठली पेटी दबली, कुठल्या कांद्याला मोड आला ते फोनवरून कळवायचं, एवढंच काम. दहा-अकरा वर्षं झाली. माल बिघडला तर आपल्यावर येईल ही धास्ती पहिल्या दिवशी होती तेवढीच आजही आहे.

बैसाखीच्या दोन-तीन दिवस आधी मंडीत ढोल येतो. एका बाजूला जाड वाकडी काठी, दुसऱ्या बाजूला बारीक छडी. गव्हाच्या ढिगांमधे जागा करून माणसं हात वर टाकतात. नुकताच मिसरूड फुटलेला आणि सत्तरीचा म्हातारा एकाच रांगेत. आमचा आडत्या गुरनामसिंग बारदानावर बसून मला दरवर्षी हाक मारतो, "ओय नाशिक! आ जा, खड़ा खड़ा क्या देखता है?" मी हसतो, हात जोडतो, कामाची चिठ्ठी दाखवतो. तेव्हा खरं म्हणजे काही काम नसतं. भांगड्यात माणसाचे दोन्ही पाय एकदम जमीन सोडतात, आणि ते बघितलं की मी अजून दोन पावलं मागे सरतो.

गुरनामसिंगला हे सांगून पटणार नाही. म्हणून लिहून काढतो आहे.

आमचं गाव हरसूलच्या पुढे. नाशिकहून एसटीनं निघालं की गिरणारे मागे पडतं, वाघेऱ्याचा घाट लागतो, मग सागाची पानं गळून उघडे पडलेले डोंगर आणि मधेमधे काळी चौकटं. ती चौकटं म्हणजे भाताचे राब. पालापाचोळा पसरून भाजलेली जमीन. होळी झाल्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आमच्याकडे दोनच वास असतात, भाजलेल्या राबाचा आणि खाली पडलेल्या मोहाच्या फुलांचा. याच दिवसांत बोहाडा होतो.

बोहाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवादिकांचे, राक्षसांचे मोठमोठे मुखवटे घालून गडी माणसं गावाच्या मधल्या वाटेनं नाचत देवळापर्यंत जातात. त्याला सोंग म्हणतात. दोन्ही बाजूंनी माणसं बसलेली, मशाली पेटलेल्या, पुढे संबळ आणि पिपाणी. आधी गणपती येतो, मागून शारदा येते, मग मारुती, नरसिंह, रावण, वेताळ असं करत शेवटी देवी. पण एक गोष्ट बाहेरच्यांना लक्षात येत नाही. सोंग कुणीही नाचत नाही. एकेक सोंग एकेका घराचं असतं. रावण अमक्याचा, वेताळ तमक्याचा. सातबाऱ्यावर नसतं, पण जमिनीपेक्षा पक्कं असतं. लग्न जमवताना विचारतात, "घरी सोंग कोणतं?" मयताला खांदा देताना क्रम लावायचा तर तोही सोंगावरून लागतो. आमच्या घराची शारदा. मोरावर बसलेली, वर्षभर माळ्यावर ठेवलेली.

आता शारदा ही विद्येची देवी, आणि मी आठवीतून शाळा सोडलेला. आश्रमशाळेतून पेटी डोक्यावर घेऊन मी परत आलो तेव्हा आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "शारदा माळ्यावर निजलीय आन् पोरगा घरी निजाया आला. बरं झालं. दोघं निजा."

शाळेतून मी जे काही घेऊन आलो त्यात लेझीम होती. पंधरा ऑगस्टला आम्ही झेंड्याकडे तोंड करून लेझीम खेळायचो. एक-दोन-तीन-चार, खाली, वर, डावीकडे. गुरुजी शिट्टी वाजवत रांगेतून फिरायचे आणि ज्याचा पाय चुकला त्याच्या पोटरीवर छडी बसायची. लेझीम मुळात तालमीतली, अंग कमावण्याची. पैलवानांच्या हातातून ती शाळेत आली आणि शिस्तीची झाली. तिथे सगळ्यांचे पाय सारखे दिसले पाहिजेत. बोहाड्यात उलटं. तिथे प्रत्येक सोंगाची चाल वेगळी. वेताळ धावतो. नरसिंह मागे सरून झेपावतो. मारुतीला काहीही माफ. आणि शारदा तीन पावलं पुढे, एक मागे, टाच आधी टेकवून, कमरेतून डुलत. तिचा नियम एकच. दोन्ही पाय एका वेळी जमीन सोडत नाहीत. का, तर शारदेनं जमीन सोडली म्हणजे ती घर सोडून निघाली. एवढंच आम्हाला माहीत. त्याच्या पाठीमागे काही पोथी असेल तर ती आमच्या गावात कुणी वाचलेली नव्हती.

मुखवटा पांगाऱ्याच्या लाकडाचा. हलकं लाकूड म्हणतात, पण तासाभरानं मान सांगते किती हलकं ते. डोळ्यांच्या जागी बाहेर बघायला भोक नाही. शारदेच्या ओठांखाली बारीक चीर आहे, तिच्यातून पुढच्या माणसाचे पाय तेवढे दिसतात. तो पुढचा माणूस म्हणजे संबळवाला. संबळवाला सोंगाकडे तोंड करून उलटा चालतो. पूर्ण वाट, देवळापर्यंत, मागे मागे सरत. आमच्या गावचा संबळवाला धर्माकाका. काळा, काटक, एका कानात बाळी. सगळ्या सोंगांच्या चाली त्याच्या दोन काठ्यांत होत्या. वाट उलटी चालून चालून त्याला तिथला दगड न् दगड टाचेनं ओळखू यायचा.

मी शाळा सोडल्यावर पाच-सहा वर्षं शेतात काढली आणि मग नाशिकला आलो. द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमालीला लागलो. पंचवटीकडून, पुण्याकडून, मुंबईकडून येणारी सगळी वाहनं द्वारकेला एकमेकांवर हॉर्न वाजवत उभी, आणि त्यांच्या मधून आमच्या हातगाड्या. तिथे चार वर्षं गणपतीत नाचलो. नाशिकचा ढोल ज्यानं अंगावर घेतला आहे त्याला सांगायला नको. तो कानातून शिरत नाही, बरगडीतून शिरतो. मिरवणूक भद्रकालीच्या अंगाला लागली, ढोल दुणीत, म्हणजे दुप्पट लयीत गेला, की सगळा जमाव एकदम वर उडायचा. मी आश्रमशाळेत उडालो नव्हतो, गावात उडालो नव्हतो. इथे उडालो. बाजूचा कोण, कुठल्या घरचा, त्याचं सोंग कोणतं, कुणी विचारत नव्हतं. मला ते फार आवडलं. गावाकडे नाच म्हणजे जबाबदारी. चुकलो तर घर चुकलं. इथे चुकायला काही नव्हतंच.

शहराचा नाच वाईट असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. ज्याला आडनावानं कुणी ओळखत नाही त्यालाही नाचायला कुठेतरी जागा पाहिजे.

मग त्या साली होळीनंतर निरोप आला. हरसूलच्या गाडीच्या कंडक्टरनं आणला. बाबा मोहाच्या झाडावरून पडले होते. खुबा गेला होता. आणि दुसरा निरोप, पहिल्याच्या पोटातला: गावाची बैठक झाली, बोहाड्याचा दिवस ठरला, आणि पांडू गावितानं बैठकीत शारदा मागितली.

पांडू गावित वाईट माणूस नव्हता. त्याचं घर मोठं, तीन ल्योक हाताशी, आणि घरात सोंग नाही. बैठकीत तो म्हणाला ते कंडक्टरनं मला जसंच्या तसं सांगितलं. "बाप खाटंवर, पोरगा नाशकात गोण्या उचलतो. शारदा काय माळ्यावर घुशींना नाचवायची?" त्यात खोटं काय होतं? आमच्या गावात एक साल सोंग निघालं नाही तर ते दुसऱ्या घराला देतात. आणि एकदा गेलं की येत नाही. गाव म्हणालं, पोरगा आला, चालीनं नाचला, तर घर तेच. नाहीतर पांडू.

मी शारदा कधी नाचलो नव्हतो. बापाला नाचताना बघून माहीत होतं, तेवढंच.

गोदामात दुपारी जेवणानंतर सगळे गोण्यांवर लवंडायचे. मी कांद्याच्या थप्प्यांच्या मागच्या बोळात जायचो, डोक्यावर मुखवट्याच्या वजनाला म्हणून वाळूची पिशवी ठेवायचो, कमरेला पंचा बांधायचो आणि तीन पावलं पुढे, एक मागे. तिसऱ्या दिवशी पकडलो गेलो. थप्पीवरून चार मुंडकी खाली बघत होती.

"आयला, हा तर नाच्या निघाला!"

"मोर हाय का लांडोर, ते विचार आधी."

"ए, फड कधी लावतो? पुढची जागा धर आमची."

तमाशात बाईचा वेश घेऊन नाचणाऱ्याला नाच्या म्हणतात आणि शिवी म्हणूनच म्हणतात. तमाशातल्या नाच्याला लोक टाळ्या देतात आणि फड उठला की त्याच्याशी सोयरीक करत नाहीत. आमच्याकडे लुगडं नेसून शारदा नाचणाऱ्या घराशी सोयरीक करायला लोक पुढे येतात. दोन्हीकडे पुरुषच लुगड्यात. हे सगळं मला आज कळतं. त्या दिवशी मी फक्त डोक्यावरची पिशवी खाली ठेवली आणि म्हणालो, मान धरली होती.

आमचे मुकादम देवळा तालुक्यातले. भाऊसाहेब म्हणायचे त्यांना. घरची कांद्याची शेती, पण भावाशी पटेना म्हणून द्वारकेला. त्यांना रजा मागायला गेलो तर मार्च-एप्रिलचा तोंडावरचा हंगाम. त्यांनी वहीतून डोकं वर काढलं नाही.

"काय शे तुझ्या गावाला?"

"बोहाडा आहे. सोंग काढायचं आहे."

"दुसऱ्यानं काढलं तर?"

"तर त्याचं होतं."

त्यांनी पेन ठेवलं. मग विचारलं, सोंग कोणाचं. मी शारदा म्हणालो आणि मागच्या पोरांचं हसू ऐकू आलं. भाऊसाहेब मागे वळले. "हसू नका रे. आमच्याकडं श्रावणात कानबाई बसते. विसर्जनाला आमची माय डोक्यावर कानबाई घेऊन नाचायची, पार नदीपर्यंत. वर्षभर सासऱ्यापुढे मान वर केली नाही तिनं. पण त्या दिवशी सासरा वाटेतून बाजूला व्हायचा. घामानं कुंकू गळ्यापर्यंत यायचं तिचं." त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग मला म्हणाले, "जाय. पाच दिवस. सहाव्या दिवशी नाय दिसला तर तुझी शारदा इथंच नाचवीन, ट्रकवर."

देवळ्याच्या त्या बाईला मी कधी पाहिलं नाही. पण तिच्या नाचामुळे मला सुटी मिळाली, हे मी विसरलेलो नाही. बाईला वर्षातून एक दिवस वाट मोकळी करून देणारा नाच होता तो. कुणाचा नाच कुणाच्या कामी येईल सांगता येत नाही.

गावी पोचलो तर अंगणात आमचा मोर उन्हात ठेवलेला. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर कागद, मागे खरी पिसं, मधे माणूस उभा राहील असं भोक. आईनं वर्षभराची जळमटं काढून नव्यानं निळा रंग दिला होता. बाबा दाराशी खाटेवर. मला बघून पहिलं वाक्य: "पाय दाखव."

दाखवले. तीन पुढे, एक मागे.

"टाच आधी."

पुन्हा दाखवले.

"हां. घाई हाय तुझ्या पायात. शहराची घाई." मग मोहाच्या झाडाकडे बघितलं. "मी पडलो नसतो तर तुला त्रास नव्हता," असं म्हणाले. माझ्या बापानं माझी माफी मागितल्यासारखं बोलणं मी तेवढं एकदाच ऐकलं.

आमच्या घरात मुखवट्याला बाई हात लावत नाही. पण शारदेला लुगडं आईच नेसवते, आपलं स्वतःचं. तिन्हीसांजेला तिनं मला भिंतीकडे तोंड करून उभा केला आणि काष्टा घातला. लुगड्याला धुराचा आणि तांदळाच्या कोंड्याचा वास होता. ती नेसवत होती आणि मी थरथरत होतो. ती म्हणाली, "हालू नको. तुझा बा बी पहिल्यांदा असाच हालत व्हता. त्याला त्याच्या आईनं चापट मारली व्हती." आणि मला मारली.

दिवेलागण झाली. गणपती पुढे गेला. मग माझ्यावर मुखवटा चढला आणि सगळं जग त्या ओठांखालच्या चिरेएवढं झालं. धर्माकाकाचे पाय दिसले. त्याचा आवाज आला, "मी हाय पुढं. माझ्या पायाकडं बघ. दुसरं काय बघू नको." संबळ सुरू झाला.

अर्धी वाट बरोबर गेली. मी आकडे मोजत होतो. दोन्ही बाजूंनी बायका हात जोडत असणार, पोरांना पुढे करत असणार, पण मला फक्त धूळ आणि दोन काळे पाय. पाटलाच्या ओट्यापाशी नेहमी संबळ दुणीत जातो. तिथून देऊळ दिसायला लागतं, म्हणून. ते मला माहीत होतं. बापाचं बघितलेलं होतं. तिथे शारदा फक्त डुलण्याची गती वाढवते. संबळ दुणीत गेला. पिपाणी चढली. आणि माझ्या बरगडीत नाशिकचा ढोल शिरला.

मी उडालो.

चांगला हातभर उडालो. दोन्ही पाय, मोरासकट, आईच्या लुगड्यासकट. वर असतानाच मला कळलं. खाली यायला किती वेळ लागला काय सांगू. चार वर्षं ज्या पायांना मी द्वारकेला सोकावून ठेवलं होतं, त्यांनी मला विचारलंच नाही. खाली टेकलो तेव्हा पिपाणीचा सूर तुटला होता. बसलेल्या माणसांतून एक आवाज आला, अनेकांनी एकदम श्वास आत घेतल्यावर येतो तसा. शारदेनं जमीन सोडली. आमचं घर गेलं.

मुखवट्याच्या आत मला एवढंच दिसत होतं की धर्माकाकाचे पाय थांबले नव्हते.

संबळही थांबला नव्हता. उलट त्यानं एक वेगळाच ठेका धरला, तीन ठोके बारीक आणि एक मोठा, जो मी आयुष्यात ऐकला नव्हता, आणि तो मोठ्यानं ओरडला, "मोर उडाला! देवीचा मोर उडाला! वाट द्या!"

मग माझ्यासाठी, हळू, दातांतून, "अजून एकदा उड. मोठ्या ठोक्याला. लगेच."

मी उडालो. दुसऱ्यांदा त्याच्या ठोक्यावर. पाय टेकले आणि संबळ पुन्हा शारदेच्या चालीवर आला, जसा काही तिथूनच निघाला होता. तीन पुढे, एक मागे. लोकांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. कुणीतरी म्हातारी म्हणाली, "मोर हाय त्यो, उडंलच की." पिपाणी लागली. देवळापर्यंत पुढचं मला काही आठवत नाही.

सकाळी गाव देवळापुढे बसलं. पांडू गावितानं पान थुंकलं आणि म्हणाला, "मोर उडताना आजपावतर मी नाय पायला बा."

धर्माकाका संबळाची वादी घट्ट करत होता. वर न बघता म्हणाला, "तू किती पायलंस? तुझ्या आज्याला इचार."

"आजा मेला, सा सालं झाली."

"मंग त्यानं पायला आसंल."

देऊळ हसलं. पांडूसुद्धा हसला. हसला म्हणजे मिटलं. शारदा आमच्याकडे राहिली.

पाटलाचा ओटा आमच्या दारातून दिसतो, बाबांनी रात्री सगळं पाहिलं होतं. मला जवळ बोलावून एवढंच म्हणाले, "पाय सुटलं ना रं?" मी मान हलवली. "धर्मानं राखलं," म्हणाले आणि कूस बदलायचा प्रयत्न केला, जो त्यांना जमला नाही, मग मी बदलवली.

दुसऱ्या दिवशी मी धर्माकाकाकडे गेलो. तो अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होता. मी पाया पडायला वाकलो तर त्यानं सूप मधे धरलं. मी विचारलं, काका, तो ठेका कुठला? म्हणाला, "कुठला नाय. हातानं केला." मग त्यानं मला विचारलं, "संबळवाला उलटा का चालतो रं सोंगाफुडं?"

मी म्हणालो, देवाला पाठ दाखवू नये म्हणून.

"त्ये लोकांना सांगायचं. नाचणाऱ्याचा तोल जायला लागला तर आधी संबळवाल्याला दिसावा, म्हणून."

सहाव्या दिवशी मी द्वारकेला कामावर हजर होतो. पुढे दोन वर्षं शारदा नाचलो. पाटलाच्या ओट्यापाशी धर्माकाका तो ठेका धरायचा, मी दोनदा उडायचो. आता एकदा उडून न उडणं बरं दिसलं नसतं. मग इकडे लुधियानाला आलो आणि आमच्याच घरी वाढून हाताशी आलेला माझ्या बहिणीचा मुलगा किसन शारदा घेऊ लागला. बाबा गेले. तीन वर्षांपूर्वी धर्माकाका गेला. मी त्याच्या मातीला नव्हतो, मंडीत ट्रक उतरवत होतो. तेव्हापासून ही गोष्ट माहीत असलेला मी एकटाच आहे. इतक्या लांब बसूनही कधीकधी वाटतं, आज बैठक बसेल आणि कुणीतरी विचारेल, त्या साली नक्की काय झालं होतं?

किसन टेकाडावर चढला की त्याच्या मोबाइलला रेंज येते. परवा त्याचा फोन आला. मागे वारा लागल्याचा आवाज.

"मामा, नाशिकच्या कॉलेजातली माणसं आल्ती. कॅमेरा घेऊन. त्यांना आपल्या मोराचं लय आवडलं. म्हणाली, ही चाल दुसऱ्या गावात नाय. किती जुनी म्हणून इचारत व्हती."

"मग? काय सांगितलं?"

"मी काय सांगणार? पांडूबाबानं सांगितलं. पूर्वापार हाय म्हणाला. त्याच्या आज्यानं पायली व्हती म्हणं. मोराला पावसाची चाहूल लागते म्हणून उडतो. जेवढा उंच उडंल तेवढं भात पिकतं. त्यांनी सगळं लिहून घेतलं."

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण मागे गव्हाच्या ढिगांपाशी ढोल वाजत होता, आणि मला वाटलं, भांगडा तरी कुठून आला असेल? कुठल्या तरी सुगीत कुणाचा तरी पाय घसरला असेल, ढोलवाल्यानं बघितलं असेल. लेझीम, कानबाई, शारदेची तीन पावलं पुढे आणि एक मागे, यातलं एखादं तरी असंच सुरू झालं नसेल कशावरून? ते एक पाऊल मागे कुणाचं असेल? कुणीतरी ठेचकाळला असेल आणि पुढे उलटा चालणाऱ्यानं काठी तिथे मारली असेल. आम्ही त्याला चाल म्हणतो.

"मामा, ऐकू येतंय का?" किसन म्हणाला. "एक काम व्हतं. गेल्या साली पाऊस कमी झाला. तर लोकं म्हणतात, किसनची उडी कमी पडली. परवा बोहाडा हाय. मला लय भ्या वाटतंय. तुमची उडी किती व्हती? नेमकी सांगा."

मी इकडेतिकडे बघितलं. गुरनामसिंग हात हलवून बोलावत होता.

"उडीचं जाऊ दे," मी म्हणालो. "संबळ कोण वाजवतं आता?"

"धर्माआजाचा नातू."

"उलटाच चालतो ना तुझ्याकडं तोंड करून?"

"हा मंग. पार देवळापर्यंत."

"मग उड बिनघोर."